समोरून गाडी येतेय

आठवड्यातून दोन-चार रात्री आमच्या गॅलरीसमोर मालगाडी येऊन उभी राहते. आधी ब्रेक लागल्याचा कण्हल्यासारखा लांब आवाज येतो, मग वाघिणींचे एकमेकींना बसणारे धक्के इंजिनापासून पार शेवटपर्यंत खडखडत जातात आणि सगळं गप्प होतं. बेळ्ळंदूरला अशी गप्प वेळ रात्री साडेअकरानंतरच मिळते. दिवसा इथं आउटर रिंग रोडची गाज असते, कंपन्यांच्या बसगाड्या असतात, मेट्रोचं काम असतं. मालगाडी थांबली की आतल्या खोलीतून बाबांचा आवाज येतो, "क्रॉसिंग." ते दिवा लावत नाहीत, उठत नाहीत. मग दूरवर भोंगा वाजतो, रूळ गुणगुणायला लागतात आणि मोकळ्या रुळावरून दुसरी गाडी उजेडाची एक पट्टी ओढत निघून जाते. ती गेली की मालगाडी पुन्हा अंग हलवते. बाबा कूस बदलतात.

आमच्या घरातून बेळ्ळंदूर रोड नावाच्या लहानशा स्टेशनाची लूप लाइन दिसते. बंगळूरहून होसूर, धर्मपुरी करत सेलमला जाणारा हा मार्ग मुळात एकेरी. लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटून पुणे, सोलापूर, रायचूर, गुंतकल असा पल्ला मारत आलेली कोइमतूर एक्सप्रेसही इथूनच पुढे जाते. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला स्टेशनात बाजूला उभं राहावंच लागतं. दुसरा रूळ टाकायचं काम आता बैयप्पनहळ्ळी ते होसूर या 48 किलोमीटरच्या पट्ट्यात टप्प्याटप्प्याने पुढे सरकतंय. ते पुरतं होईपर्यंत कुणी तरी थांबतं आणि कुणी तरी जातं.

बाबांचं सगळं आयुष्य मिरज–लोंढा मार्गावरच्या लहान स्टेशनांत गेलं. 1973 साली ते रेल्वेत लागले आणि 2010 साली स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले. कुडची, चिकोडी रोड, गोकाक रोड, पाच्छापूर, देसूर ही नावं आमच्या घरात नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जातात. माझं लहानपण मीटर गेजच्या रुळांशेजारच्या क्वार्टरमध्ये गेलं. तेव्हा बाबांच्या खोलीत लाल रंगाचं एक अवजड यंत्र होतं आणि त्यातून लोखंडी गोळे निघायचे. पुढच्या स्टेशनापर्यंतचा मार्ग मोकळा आहे याची ती निशाणी. गोळा बाबांना स्वतःच्या मर्जीने काढता यायचा नाही. आधी घंटी वाजवून पुढच्या स्टेशनाकडे लाइन क्लिअर मागायची, तिकडच्या मास्तरांनी ती द्यायची, तेव्हाच यंत्राचं कुलूप सुटायचं आणि गोळा हातात यायचा. तो कातडी पाकिटात घालून वेताच्या मोठ्या कडीला अडकवायचा आणि पॉइंट्समनने ती कडी उंच धरायची. न थांबणाऱ्या गाडीच्या इंजिनातून कुणी तरी हात बाहेर काढून ती दंडावर झेलायचा. एका टप्प्यासाठी एका वेळी एकच गोळा बाहेर निघू शकतो, म्हणून त्या टप्प्यात दुसरी गाडी घुसण्याचा प्रश्नच नाही. मी तो गोळा पुष्कळदा ओंजळीत धरला आहे. थंड, जड आणि तेलकट. पुढचा माणूस हो म्हणाला आहे, एवढंच तो सांगायचा, पण त्यावर शेकडो माणसांचा जीव सोपवलेला असायचा.

त्या दिवसांतलं एक दृश्य माझ्या मनातून कधी गेलं नाही. मी सात-आठ वर्षांची असेन. आषाढातली रात्र, पाऊस लागलेला, आणि आमच्या स्टेशनात पॅसेंजर अडकलेली. मिरजेच्या बाजूने येणारी गाडी कुठं तरी रखडली होती, त्यामुळे हिला पुढे सोडता येत नव्हतं. बाबांनी डोक्यावर इरलं घेतलं, हातात तिरंगी काचांचा कंदील घेतला आणि गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मी हट्टाने त्यांच्या मागे. प्रत्येक डब्याच्या खिडकीशी ते थांबायचे आणि तेच वाक्य आधी मराठीत, मग कानडीत म्हणायचे. "समोरनं गाडी येतेय. अर्धा तास तरी लागेल. लेकरांना खायला घालून घ्या." तेवढ्यावर डब्याचा नूर बदलायचा. बायका गाठोडी सोडायच्या, भाकरीचा वास सुटायचा, कुणी तांब्या घेऊन नळाकडे पळायचा, कुणी निवांत पाय पसरायचा. गाडी तिथंच होती, पाऊस तोच होता, उशीर मिनिटाने कमी झाला नव्हता. तरी मघाची घुसमट गेली होती.

परत आल्यावर मी विचारलं होतं, "तुम्ही कशाला गेलात भिजत? गाडी सुटायची तेव्हा सुटणारच की." टॉवेलने डोकं पुसत बाबा म्हणाले होते, "त्यांना मी थांबवलंय. कुणासाठी थांबवलंय ते मीच सांगायला पाहिजे."

ते वाक्य मला कळायला बराच काळ लागला. कळलं ते फार लांबच्या एका प्रवासात.

आई 2022 च्या वसंतात गेली. बाबा बेळगावचं घर बंद करून माझ्याकडे बेळ्ळंदूरला आले. दोन वर्षांनी, 2024 च्या ऑगस्टमध्ये, आम्ही दोघं माझ्या धाकट्या बहिणीकडे नेदरलंड्समध्ये आइंडहोव्हनला गेलो. तिथं मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत, गणपतीची तयारी सुरू होती, बाबांना फारसं परकं वाटलं नाही. बहिणीच्या नवऱ्याचे काका व्हिएन्नात राहतात, त्यांच्याकडे जायचं होतं. विमानाने दोन तास. बाबा म्हणाले, "रूळ आहेत ना? मग रुळांवरनंच जाऊ." म्हणून आम्ही लांबचा मार्ग धरला. आइंडहोव्हनहून कलोन, तिथून राइन नदीच्या काठाकाठाने दक्षिणेला बाझेल, मग झुरिक, आणि झुरिकहून रात्रीच्या गाडीने व्हिएन्ना. बहिणीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. बाबांनी आपलं एचएमटीचं घड्याळ आमच्या मधल्या फळीवर ठेवलं. बंगळूरला 1961 साली जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने घड्याळाचा कारखाना सुरू झाला, त्यात बनलेलं हे त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतलं घड्याळ. कारखाना बंद पडला, घड्याळ अजून चालतंय.

कलोन सोडल्यावर नदी डाव्या हाताला आली. उतारांवर द्राक्षांचे मळे, वळणावळणावर गढ्या, पाण्यात बसून चाललेल्या लांबलचक मालवाहू नावा. बाबांचं लक्ष मात्र रुळांकडे. मालगाड्या किती जातात ते ते मोजत होते. कार्ल्सरूहे मागे पडल्यावर रास्टाट नावाचं गाव आलं आणि मी त्यांना तिथली हकीकत सांगितली. 12 ऑगस्ट 2017 रोजी या गावाजवळ चालू मार्गाच्या खालून नवा बोगदा खणला जात होता, आणि वरची जमीन खचून रूळ खाली बसले. रॉटरडॅमच्या बंदरापासून इटलीतल्या जेनोआपर्यंत जाणाऱ्या मालवाहतुकीचा हा कणा. तो 2 ऑक्टोबरपर्यंत तुटलेला राहिला. प्रवाशांना मधल्या तुकड्यात बसगाड्यांनी नेलं, पण माल घेऊन निघालेल्या गाड्यांना पुरेसा दुसरा मार्गच नव्हता. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सात आठवडे. तिथले स्टेशन मास्तर काय सांगत असतील लोकांना?" इतक्या मोठ्या घटनेत त्यांना पहिला दिसला तो सांगणारा माणूस.

आणि मग आमचीच गाडी थांबली. ओफनबुर्ग नावाच्या स्टेशनात, दुपारी साडेचारच्या सुमाराला. पूर्वेकडे काळ्या अरण्याचे डोंगर, त्यांच्यावर शाईसारखं आभाळ. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाबांनी घड्याळ उचलून मनगटाला बांधलं. मनातून मी हिशेब करायला लागले होते. झुरिकची रात्रीची गाडी चुकली तर आरक्षण गेलं, व्हिएन्नाला ताटकळत बसलेल्या काकांना काय कळवायचं, म्हाताऱ्या माणसाला घेऊन रात्री कुठं उतरायचं. पोटात एक गोळा फिरायला लागला.

तेवढ्यात डब्याचं दार सरकलं आणि गाडीची कंडक्टर आली. पन्नाशीची बाई, मानेवर घामाने चिकटलेले केस. ध्वनिक्षेपकावर घोषणा झाली होती, तरी ती प्रत्येक डब्यात येऊन उभी राहत होती. आधी जर्मनमध्ये, मग इंग्रजीत तिने सांगितलं. पुढे वादळ झालंय, विजेच्या तारेवर झाड पडलंय. तार दुरुस्त करणारी गाडी निघाली आहे, तिला आधी जाऊ द्यायचं आहे. किती वेळ लागेल ते मला माहीत नाही. दर अर्ध्या तासाने मी येऊन जे कळलं असेल ते सांगेन, काही कळलं नसेल तर तेही सांगेन.

बाबांना इंग्रजी समजतं. ते सीटवर जरा पुढे सरकून बसले होते. ती पुढच्या डब्यात गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "मदतीची गाडी. तिला सगळ्यांच्या आधी." आपल्याकडे कुठली गाडी कुणाला वाट देते याची उतरंड ठरलेली आहे, आणि अपघाताच्या जागी मदत घेऊन निघालेली गाडी तिच्यात सर्वांत वर असते. तिच्यासाठी राजधानीही थांबते. बाबांना ती उतरंड अजून तोंडपाठ आहे, आणि जर्मनीतल्या एका स्टेशनात ती जिवंत झालेली पाहून त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं.

आम्ही ओफनबुर्गला दोन तास चाळीस मिनिटं थांबलो. ती बाई दर अर्ध्या तासाने आली. दुसऱ्या वेळी तिने पाण्याच्या बाटल्या आणल्या. तिसऱ्या वेळी फक्त "नवीन काही नाही" एवढंच सांगून गेली. चौथ्या वेळी म्हणाली, दुरुस्तीची गाडी जागेवर पोचली आहे, काम सुरू झालंय. मी मनाशी नोंदलं की "नवीन काही नाही" ऐकल्यावरही डबा शांत राहिला. लोकांना चांगली बातमी मिळाली नव्हती. आपला विसर पडलेला नाही एवढंच त्यांना कळलं होतं. समोरच्या बाकावरच्या आजीबाईंनी पिशवीतून प्लम काढून बाबांपुढे धरले. बाबांनी दशमीवर चटणी घालून त्यांना दिली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. दोघं सावकाश खात राहिले, बाहेर आभाळ हळूहळू मोकळं होताना बघत.

मराठीत आपण थांबून राहण्याला वाट पाहणं म्हणतो. हे शब्द मी जन्मभर वापरत आले, पण त्यांचा अर्थ मला त्या डब्यात दिसला. वाट पाहायची तर आधी वाट दिसायला हवी. ज्या रस्त्याने कुणी येणार आहे, जी गाडी समोरून येतेय, जो माणूस तार जोडतोय, तो आपल्याला दिसला की मन त्याच्या बरोबर चालायला लागतं. मग आपण पाहत असतो, नुसते बसलेले नसतो. वाटच दिसेनाशी झाली तर उरतं ते ताटकळणं. उशीर दोन्हीकडे तेवढाच असतो, पण ताटकळलेल्या माणसाच्या मनात आपण कुणाच्या लेखी नाही हे घर करतं. आणि बहुतेक उशिरांच्या मागे दुसऱ्या कुणाला तरी दिलेली वाट असते. कुणासाठी थांबलोय हे कळलं, तर ते थांबणं आपल्या हातून झालेलं देणंही होऊ शकतं.

युरोपच्या रेल्वे म्हटलं की आपल्याकडे घड्याळ लावून घ्यावं अशा वक्तशीरपणाच्या कथा सांगतात. तो वक्तशीरपणा सगळीकडे सारखा नाही. जर्मनीत लांब पल्ल्याची गाडी सहा मिनिटांच्या आत आली तर ती वेळेवर धरतात, आणि 2024 साली त्या हिशेबानेही फक्त 62.5 टक्के थांबे वेळेवर गाठले गेले. स्वित्झर्लंडमध्ये तीन मिनिटांच्या आत आली तरच वेळेवर, आणि तिथं हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे. उशिराची किंमतही कायद्याने बांधलेली आहे. युरोपीय संघात साठ मिनिटांच्या वर उशीर झाला तर तिकिटाच्या 25 टक्के, दोन तासांच्या वर 50 टक्के परत. जून 2023 पासून लागू झालेल्या नव्या नियमांत मात्र अतितीव्र हवामानासारख्या कारणासाठी हे पैसे द्यायचं बंधन काढून टाकलं आहे. घरी आल्यावर मी ते नियम वाचून काढले, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसली. वादळ झालं तर भरपाई माफ होऊ शकते. प्रवाशाला माहिती देण्याचं बंधन माफ होत नाही. कायदा लिहिणाऱ्यांनाही कळलं होतं की वादळावर कुणाची सत्ता चालत नाही, पण थांबलेल्या माणसाला काय झालंय ते सांगणं नेहमीच आपल्या हातात असतं.

झुरिकला पोचायला रात्रीचे साडेदहा वाजले. व्हिएन्नाची गाडी निघून गेली होती. खिडकीवरच्या मुलीने आमच्या तिकिटावर शिक्का मारून सकाळच्या गाडीत जागा दिली आणि आम्ही स्टेशनाजवळच उतरायचं ठरवलं. पण बाबा लगेच बाहेर पडेनात. फलाटावरच्या घड्याळासमोर ते उभे राहिले. पांढरी तबकडी, काळे ठसठशीत काटे आणि लाल सेकंदकाटा, त्याच्या टोकाला लाल चकती. हे घड्याळ स्विस रेल्वेतल्या हान्स हिल्फिकर या अभियंत्याने 1944 साली घडवलं. लाल काटा मागाहून आला, आणि त्याचा आकार गाडी सोडणाऱ्या स्टेशन मास्तराच्या हातातल्या चकतीवरून घेतलेला आहे. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी नकळत उजवा हात वर केला, हिरवं निशाण धरल्यासारखा.

मग त्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली, जी मी वाचली होती पण पाहिली नव्हती. लाल काटा पूर्ण फेरा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत मारतो आणि बाराच्या खुणेवर येऊन थांबतो. मध्यवर्ती घड्याळाकडून इशारा येतो, मिनिटकाटा एक घर पुढे उडी घेतो आणि तेव्हाच लाल काटा पुन्हा निघतो. देशभरातली स्टेशनांची घड्याळं अशी दर मिनिटाला क्षणभर थांबून एकमेकांशी जुळवून घेतात. बाबा मनगटावरच्या एचएमटीशी पडताळत तीन-चार फेरे पाहत राहिले. "लाइन क्लिअर मागतंय बघ," ते म्हणाले. "दिली की निघतंय."

त्या देशाच्या वेळापत्रकाची रचनाही तशीच आहे. 23 मे 1982 पासून तिथं बहुतेक मार्गांवर दर तासाला ठरल्या मिनिटाला गाडी सुटते. डिसेंबर 2004 पासून झुरिक, बर्न, बाझेल यांसारख्या जंक्शनांवर तासाच्या ठोक्याच्या आसपास चहूबाजूंच्या गाड्या येतात, काही मिनिटं शेजारी शेजारी उभ्या राहतात, माणसं इकडून तिकडे चढतात आणि सगळ्या पुन्हा फाकतात. दोन शहरांमधला वेळ तासाच्या आत बसेल एवढाच वेग गाडीला द्यायचा, त्याहून जास्त पळवायचं नाही, कारण आधी पोचून तिला बहिणींची वाट पाहत उभंच राहायचं असतं. थांबणं त्यांनी वेळापत्रकातच मांडलं आहे.

सकाळची गाडी आर्लबर्गच्या घाटातून गेली. रात्रीच्या गाडीने हे सगळं अंधारात गेलं असतं. दहा किलोमीटरच्या वर लांबीचा तिथला बोगदा 1884 साली खुला झाला. त्याच दशकात सदर्न मराठा रेल्वेचे रूळ आमच्या बेळगावापर्यंत आले. घाटात एका ठिकाणी बाबांनी माझा दंड धरला. "सिंगल लाइन!" खरंच, डोंगराच्या कुशीतून एकच मार्ग चालला होता. आर्लबर्गच्या उतारांवरचे काही तुकडे आजही एकेरीच आहेत. आमची आलिशान गाडी एका चिमुकल्या स्टेशनात थांबली, समोरून लाकडाचे ओंडके घेतलेली मालगाडी आली, गेली, आणि आम्ही निघालो. बाबा खिडकीला कपाळ लावून बसले होते. पाच्छापूरच्या स्टेशनात बसावं तसे.

त्या दिवशी दुपारी, घाट उतरल्यावर, आम्ही पहिल्यांदा आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोललो.

शस्त्रक्रिया तीन तासांची असेल असं सांगितलं होतं. सात तास उलटले तरी बंद दारामागून कुणी बाहेर येऊन एक शब्द बोललं नव्हतं. पाठीमागे हात बांधून बाबा त्या लांब दालनात येरझारा घालत होते. सातव्या तासानंतर ते दाराशी गेले आणि बाहेर आलेल्या एका तरुण परिचारिकेला म्हणाले, "किती वेळ लागेल हे विचारत नाही मी. आत काय चाललंय तेवढं सांगा." ती क्षणभर थबकली. मग म्हणाली, रक्त थांबायला वेळ लागतोय, दोन डॉक्टर आहेत, एका तासाने मी स्वतः येऊन सांगते. आणि ती आली. तिसऱ्या दिवशी आई गेली. त्या सात तासांबद्दल बाबा कधी कुणाला बोलले नव्हते. आता गाडीत म्हणाले, "ती पोरगी आली ना, तेव्हा मला तुझ्या आईला भेटल्यासारखं झालं. तोवर मी कुठं होतो तेच कळत नव्हतं." मग थोड्या वेळाने, "रोज कुणाला तरी थांबवतात ते लोक. थांबवणाऱ्याला सवय होते. थांबणाऱ्याला कधीच होत नाही."

ज्याच्या हातात सिग्नल आहे त्याला उशीर हा कामाचा भाग असतो. ज्याच्यासमोर सिग्नल लाल आहे त्याचं सगळं जगणं त्या क्षणी तिथं अडलेलं असतं. या दोघांमधलं अंतर भरून काढायला आजवर एकच गोष्ट कामी आलेली मी पाहिली आहे. कुणी तरी उठून, भिजत, डब्याशी येतं.

बेळ्ळंदूरलाही मी असा माणूस पाहिला आहे. 2022 च्या सप्टेंबरात इथं पूर आला तेव्हाची गोष्ट. रात्रभर पाऊस कोसळला, तळी भरून वाहायला लागली, आउटर रिंग रोडवर पाणी चढलं, आणि संगणक कंपन्यांतली माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून कामावर गेली. त्याचे फोटो देशभर छापून आले होते. मी त्या सकाळी घराकडे परतताना गुडघाभर पाण्यात अडकले होते. रस्ता कुठं संपतो आणि राजकालुवे, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा उघडा मोठा नाला, कुठं सुरू होतो ते दिसत नव्हतं. दोन्हीकडे सारखंच तपकिरी पाणी. शे-दीडशे माणसं जागच्या जागी उभी. तेवढ्यात एका टायरच्या दुकानात काम करणारा मुलगा हातात बांबू घेऊन पाण्यात उतरला, चाचपडत नाल्याच्या कडेपर्यंत गेला आणि तिथं बांबू रोवून उभा राहिला. "इल्लिंद बेडा, आ कडेयिंद बन्नी," तो ओरडत होता. इथून नको, त्या बाजूने या. दोन-अडीच तास तो तसाच उभा होता. आम्ही त्याच्या डावीकडून एकामागे एक गेलो. त्याने पूर ओसरवला नाही, पण वाट दाखवली.

या महिन्यात आमच्या गॅलरीसमोरही नवे स्लीपर येऊन पडले आहेत. दुसरा रूळ पुरा झाला की मालगाडीला रात्री इथं उभं राहावं लागणार नाही. मी बाबांना विचारलं, "चुकल्यासारखं वाटेल ना?" ते म्हणाले, "छे गं. कुणालाच थांबायला लागू नये म्हणून तर एवढी खटपट. जिथं थांबवावंच लागतं तिथं सांगावं, बस." इतकं साधं आहे त्यांचं म्हणणं. पण मी कामाच्या ठिकाणी पंचवीस माणसांची प्रमुख आहे. कुणाचा अर्ज माझ्या टेबलावर महिनाभर पडून राहतो, कुणाची बढती अडते, कुणाला मी "बघते" म्हणून पाठवते. आता मी जरा थांबून विचारते, याला मी कुठल्या गाडीसाठी थांबवलंय? उत्तर असेल तर त्याच्यापर्यंत जाते आणि सांगते. उत्तर नसेल तर लाइन क्लिअर द्यायला मीच विसरले आहे, हे मला कळतं.

काल रात्री घरी येताना इब्बलूरच्या चौकाअलीकडे रहदारी ठप्प झाली. पूर्वी मी फोनवर "पोचतेच दहा मिनिटांत" म्हणायचे आणि बाबा तासभर दाराकडे डोळे लावून बसायचे. काल मी गाडीतून उतरले, पुढे चालत गेले, बघून आले आणि मग फोन लावला.

"बाबा, इब्बलूरला आहे. पुढे मेट्रोचा गर्डर चढवताहेत. काम संपेपर्यंत कुणालाच सोडत नाहीत. चाळीस मिनिटं तरी लागतील."

पलीकडून भांड्याचा आवाज आला. गॅस बंद केल्याचा चट्‌ असा आवाज आला.

"बरं," बाबा म्हणाले. "मग आमटी नंतरच गरम करतो."